रबरी नळी सरळ कापणारा हातकटर : कूलरच्या पाइपापासून सुरू झालेली चौकशी

धरमपेठी (धागाकर्ता)

मार्च अर्धा उलटला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतात. जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, टाकीच्या तळाशी साचलेली क्षारांची पपडी खरवडायची, पंप फिरतो की नुसताच गुणगुणतो ते पाहायचे आणि शेवटी पाण्याच्या नळ्या बदलायच्या, हा क्रम आमच्याकडे वडिलांच्या काळापासून ठरलेला आहे. यातले नळीचे काम सगळ्यांत किरकोळ समजले जाते, आणि गेली काही वर्षे माझे कूलर नेमके त्याच कामात बिघडत आहेत.

आजवर मी नळी हाताला येईल त्याने कापत आलो. कधी स्वयंपाकघरातली सुरी, कधी कात्री, आणि एकदा तर विळी घेतली, ज्यावरून घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. पंपाच्या तोंडावर नळी चढवून क्लिप आवळली तरी पाणी झिरपते. कूलरच्या आत झिरपलेले पाणी टाकीतच पडते, त्यामुळे ते वाया जात नाही हे खरे. परंतु तेवढा जोर कमी होतो आणि तीन ताट्यांपैकी मागची ताटी अर्धीच भिजते. बाहेरच्या नळापासून टाकीच्या बॉलकॉकपर्यंत येणाऱ्या जाड रबरी नळीचे झिरपणे मात्र भिंतीवर उतरते आणि पोपडे धरते. यंदा जुनी नळी काढून नीट पाहिली तेव्हा लक्षात आले, की कापलेले तोंड एका बाजूला दुसरीपेक्षा तीन-चार मि.मी. आखूड आहे. म्हणजे क्लिपची पट्टी एका बाजूला पूर्ण बसत होती आणि दुसऱ्या बाजूला काठावर लोंबत होती.

म्हणून इतवारीत लोहा ओळीत जाऊन पकडीसारखा दिसणारा एक हातकटर साडेतीनशे रुपयांना आणला. खाली नळी ठेवायला व्ही आकाराची खाच आहे, वर ब्लेडसारखे पातळ पाते आहे, दांड्यांमध्ये स्प्रिंग आहे आणि मिटवून ठेवायला एक कडी आहे. कूलरची अर्ध्या इंचाची मऊ नळी त्याने लोण्यासारखी कापली. पाऊण इंचाची जाड रबरी नळी मात्र पात्याखाली आधी चपटी होते आणि मग कापली जाते, आणि सोडल्यावर तिचे तोंड सरळ न दिसता मध्ये पोटासारखे फुगलेले दिसते. हा दोष पात्याचा आहे की माझ्या हाताचा? पात्याला तेल लावावे का? आणि दुकानदार म्हणाला, की "याने काहीही कापा, गॅसचा पाइपसुद्धा", ते खरे मानावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हिंगणा_फिटर

तीस वर्षे हिंगणा एमआयडीसीत फिटर म्हणून काढली, त्या अनुभवावर लिहितो.

दोष पात्याचाही नाही आणि पूर्णपणे हाताचाही नाही. रबराचा स्वभावच तसा आहे. लाकूड कापताना त्याचा भुसा होतो, पत्रा कापताना तो तुटतो, पण रबर दाबले तर त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही. ते फक्त बाजूला सरकते. पाते वरून दाबले की त्याच्या खालचे रबर दोन्हीकडे पळते, नळी आडवी पसरते आणि तशा पसरलेल्या अवस्थेत पाते सरळ खाली उतरते. दाब सोडला की रबर आपल्या मूळ जागी परत जाते, आणि जो काप दाबाखाली सरळ होता तो आता वाकडा दिसतो. नळी जितकी जाड, मऊ आणि मोठ्या पोकळीची, तितके हे प्रमाण वाढते. आपल्या अर्ध्या इंचाच्या नळीत ते दिसले नाही, कारण तिला पसरायला वावच कमी होता.

दुसरी गोष्ट घर्षणाची. रबर कापले जात असताना पात्याच्या दोन्ही गालांना घट्ट चिकटते, आणि हातात जो जोर जाणवतो त्यातला मोठा वाटा धारेचा नसून या गालांच्या घासण्याचा असतो. म्हणूनच चांगल्या कटरचे पाते दाढीच्या ब्लेडसारखे पातळ असते. प्लास्टिकच्या कडक पाइपासाठी जो दातेरी खटक्याचा कटर मिळतो, त्याचे पाते जाड असते आणि तो थांबत थांबत पुढे सरकतो. कडक पाइपाला तो उत्तम आहे, पण मऊ रबरात तो पाचरीसारखा शिरतो आणि नळी चेंगरतो. आपण आणलेला पकडीचा प्रकार योग्य आहे, तेव्हा साडेतीनशे वाया गेले असे समजू नये.

आता करायचे काय ते सांगतो. पाऊण इंचाची नळी एका दाबात कापू नये. जिथे कापायचे तिथे नळीभोवती कागदाची सरळ काठाची पट्टी गुंडाळावी, तिचे काठ एकमेकांवर बरोबर जुळले की पट्टी काटकोनात बसली असे समजावे आणि काठाने खडूची रेघ मारावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे तीच स्क्रूची क्लिप नळीवर हलकी आवळावी आणि तिच्या काठाला पाते टेकवून कापावे, म्हणजे क्लिप रेघही होते आणि नळीला पसरू न देणारे कडेही होते. पाते पाण्यात बुडवून ओले करावे. पहिल्या दाबात भिंतीपुरतेच कापावे, मग नळी थोडी फिरवून पुन्हा, असे करत वळसा पूर्ण करावा. नळीच्या आत पोकळीत घट्ट बसेल असा गोल लाकडी दांडा सरकवला तर ती चपटी होणारच नाही.

पात्याकडे एकदा निरखून पाहावे. धार दोन्ही बाजूंनी घासलेली असेल तर ते मधून सरळ उतरते. एकाच बाजूने घासलेली असेल तर पाते सपाट बाजूकडे सरकत जाते, आणि त्या सपाट बाजूचा काप अधिक साफ येतो. म्हणून सपाट बाजू नेहमी कामाच्या तुकड्याकडे ठेवावी आणि उताराची बाजू फेकायच्या तुकड्याकडे.

तेलाबद्दल मात्र सावध राहावे. साधे मशीनचे तेल किंवा ग्रीस नैसर्गिक रबराला आणि गाडीच्या रेडिएटरच्या नळीच्या रबराला फुगवते. ते लगेच दिसत नाही, पण नळीचे तोंड पुढे मऊ पडते आणि क्लिपखालून निसटते. पाणी पुरे, फार तर साबणाचे पाणी.

जुनी_शुक्रवारी

फिटरभाऊंचा मान राखून एक शंका मांडतो. आमच्या घरी एकच हॅकसॉ आहे आणि त्याने लोखंडी सळईपासून बागेच्या नळीपर्यंत सगळे कापले जाते. तोंड थोडे खरबरीत येते, पण क्लिप आवळली की पाणी थांबते. वर्षातून दोन वेळा लागणाऱ्या कामासाठी वेगळे हत्यार घरात आणून गंजवावे का?

हिंगणा_फिटर

शंका रास्त आहे. वर्षातून दोनच काप असतील तर वेगळा कटर घेण्याची गरज नाही, पण मग हॅकसॉऐवजी नवे ब्लेड घातलेला पुठ्ठा कापायचा कटर वापरावा आणि नळी लाकडी पाटावर ठेवून, न दाबता, पाते ओढत ओढत कापावे. ओढण्यात कापणे असते, दाबण्यात चेंगरणे असते; भाजी चिरणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

हॅकसॉचा तोटा तोंडाच्या खरबरीतपणापेक्षा भुशाचा आहे. रबराचा बारीक चुरा नळीच्या आत चिकटतो आणि पाणी सुरू झाले की तो वाहत पुढे जातो. बागेच्या नळीतून तो बाहेर पडून जातो, म्हणून आपल्याला त्रास झाला नसेल. कूलरमध्ये तो वरच्या नळीच्या छिद्रांत जाऊन बसतो. कारखान्यात तो व्हॉल्व्हमध्ये जातो आणि मग मशीन थांबते. हातकटर चुरा करत नाही, हा त्याचा खरा फायदा मी मानतो.

संत्राबाग_काटोल

चुऱ्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहावेसे वाटले. आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे आणि ठिबकच्या १६ मि.मी.च्या नळ्या दर हंगामात कुठे ना कुठे कापाव्या व जोडाव्या लागतात. या नळ्या रबराच्या नसून पॉलिथीनच्या असतात, तरीही कापण्याचा हिशेब बराचसा तोच आहे. आंबिया बहारासाठी झाडांना डिसेंबरात ताण दिलेला असतो, म्हणजे पाणी बंद असते, आणि जानेवारीत ताण तोडून पाणी सोडायचे असते. नळ्या दुरुस्त करायला हाच मधला काळ मिळतो. खारीने कुरतडलेला, डवऱ्याच्या पासेने कापलेला किंवा उन्हाने तडकलेला भाग काढून टाकायचा आणि तिथे जोड घालायचा, असे काम एकेका दिवसात शंभर ठिकाणी निघते.

पूर्वी आम्ही हे विळ्याने करत होतो. विळ्याने काप नेहमी तिरपा येतो, आणि तिरप्या तोंडाची नळी जोडाच्या खोबणीत एका बाजूने आधी टेकते व दुसऱ्या बाजूला फट राहते. पाणी सोडल्यावर ती फट कारंजे होते, त्या झाडाखाली चिखल होतो आणि ओळीच्या शेवटच्या झाडाला थेंब पोहोचत नाही. ताण तोडताना सगळ्या झाडांना सारखे पाणी मिळाले नाही तर फुलेही सारखी येत नाहीत, म्हणून तिरप्या कापाची किंमत आम्हाला थेट बहारात मोजावी लागते. करवतीने कापणाऱ्या गड्याला तर मी बांधावरूनच ओरडतो, कारण एक चिमूट चुरा दहा ड्रीपर बंद करायला पुरतो.

आता दोन हातकटर आहेत. एक माझ्याकडे असतो आणि एक गड्याच्या कमरेला सुतळीने बांधलेला असतो, कारण तसा तो बांधला नाही तर संध्याकाळी गवतात शोधावा लागतो. दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. नळी मातीने माखलेली असेल तर कापण्याआधी फडक्याने पुसावी, नाहीतर रेतीच्या कणावर पात्याची धार पहिल्याच दिवशी मोडते. आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नळी कडक असते, तेव्हा काप नीट येत नाही व जोडही चढत नाही; एक तर ऊन वर येऊ द्यावे, नाहीतर थर्मासमधल्या गरम पाण्यात टोक बुडवावे. काडी पेटवून टोक गरम करण्याची जी पद्धत दिसते ती मी बंद केली, कारण त्यात टोक एका बाजूने वितळून पातळ होते.

धरमपेठी

सर्वांचे आभार. काटोलच्या भाऊंनी लिहिलेले वाचून माझ्या तिसऱ्या ताटीचे दुःख फारच लहान वाटू लागले आहे.

प्रयोगशाळेतली

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे रबराच्या, पीव्हीसीच्या आणि सिलिकॉनच्या नळ्या रोजच कापल्या जातात, त्यामुळे फिटरकाकांच्या सांगण्यात थोडी भर घालते.

पाणी लावण्याची गोष्ट आम्ही बुचांवर शिकतो. रबरी बुचाला भोक पाडायचे असेल तर भोक पाडणारी पितळी नळी साबणाच्या पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवल्याशिवाय ती अर्ध्यावर अडकते, आणि जोर लावला की भोक वाकडे जाते. नळीलाही हाच न्याय लागू होतो. मात्र कापल्यानंतर तोंड पुसून कोरडे करावे, विशेषतः नळी अशा ठिकाणी बसणार असेल जिथे क्लिप नसते आणि केवळ रबराच्या पकडीवर ती टिकते. साबणाचा थर आत राहिला तर नळी पुढे घसरून निघते.

सिलिकॉनच्या नळीबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. ती उष्णता उत्तम सोसते, परंतु तिला एकदा चीर गेली की ती चीर पुढे पुढे फाटत जाते. बोथट पात्याने कापलेल्या तोंडावर जी बारीक कातर राहते, तिथूनच महिन्याभराने नळी उभी फाटते, आणि आपण मात्र दोष नळीच्या दर्जाला देतो. म्हणून सिलिकॉनसाठी आम्ही वेगळे, नवे पाते राखून ठेवतो आणि काप एकाच ओढीत पूर्ण करतो. फिरवून फिरवून कापल्यास जिथे दोन काप भेटतात तिथे पायरी पडते, आणि सिलिकॉनमध्ये ती पायरी म्हणजे पुढच्या फाटण्याची सुरुवात होय. या एका बाबतीत काकांच्या पद्धतीपेक्षा आमची पद्धत वेगळी आहे.

जुनी नळी काचेच्या तोटीवरून निघत नसेल तर ती ओढू नये. ब्लेडने उभी चीर देऊन सोलावी. ओढताना काच फुटून तळहातात गेल्याची उदाहरणे प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतात.

हिंगणा_फिटर

सिलिकॉनबद्दल ताईंचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. आमच्या कामात सिलिकॉन कमी येत असे, म्हणून तो विचार माझ्या लिहिण्यात आला नाही.

उभी चीर देण्याची पद्धत गाडीच्या रेडिएटरच्या नळीलाही लागू आहे, फक्त तिथे इंजिन पूर्ण थंड झालेले असावे आणि पाते ॲल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा पाडणार नाही इतक्याच खोलीपर्यंत चालवावे. तो ओरखडा राहिला तर नवी नळी कितीही सरळ कापलेली असली तरी पाणी त्याच रेषेतून वाट काढते.

वर्धा_रोड

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गॅसची नळी या कटरने कापू नये. नुसते "कापू नये" म्हटल्याने आपल्याकडे कोणी थांबत नाही, म्हणून कारणेही देतो.

सिलेंडरपासून शेगडीपर्यंत जी केशरी सुरक्षा नळी मिळते, तिच्या रबराच्या आत पोलादी तारेचे जाळे असते. तिच्यावर भारतीय मानक ९५७३ चा उल्लेख छापलेला असतो आणि ती ठरावीक लांबीतच विकली जाते. ती कापली की तारेची टोके उघडी पडतात. ही टोके आतल्या रबराला टोचतात, तोटीवर नळी पूर्ण बसू देत नाहीत, आणि ओलाव्याने गंजून वरचे रबर आतून उकलतात. बाहेरून नळी नवीन दिसते आणि आतून गळू लागते. शिवाय लांबी जास्त वाटते म्हणून कापणारे बहुतेक जण तोच तुकडा पुढे दुसरीकडे जोड म्हणून वापरतात, जे आणखी वाईट आहे. लांबी जमत नसेल तर योग्य लांबीची नवी नळी घ्यावी. नळीवर छापलेली मुदत पाहून ती पाच वर्षांनी बदलावी, आणि हे काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

कटरचेही त्यात नुकसान आहे. पातळ पाते पोलादी तारेवर पडले की धारेला दात पडतात, आणि कडक पाते असेल तर त्याचा टवका उडतो. तो टवका डोळ्यांच्या दिशेने उडाला तर काय होईल ते सांगण्याची गरज नसावी. दुकानदाराला कटर विकायचा होता, एवढाच त्याच्या बोलण्याचा अर्थ घ्यावा.

बुटीबोरी_मेंटेनन्स

वरील प्रतिसादाशी सहमत असून कारखान्यातील नळ्यांबद्दल थोडे लिहितो, कारण या धाग्यावर आमच्या क्षेत्रातील लोकही येतील.

हवेच्या लाइनसाठी ज्या निळ्या किंवा काळ्या पॉलियुरेथेनच्या ६ आणि ८ मि.मी.च्या नळ्या असतात, त्यांच्यासाठी हा हातकटर अगदी योग्य आहे. त्यांचे जोड दाबून बसवायचे असतात. आत बारीक दात नळीला बाहेरून धरतात आणि त्यांच्या पुढे रबरी कडे हवा अडवते. तोंड तिरपे असेल तर नळी तळापर्यंत टेकत नाही, आणि टोकाच्या बाहेरच्या बाजूला ओरखडा असेल तर हवा त्या ओरखड्यातून निसटते. आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या खिशातली कात्री काढून घेतो आणि हातात कटर देतो. गळका जोड सापडला तर आधी नळी काढून दोन सें.मी. मागून पुन्हा सरळ कापून बसवून पाहतो, आणि नवा जोड मागवण्याची वेळ क्वचितच येते. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात जी पाव इंचाची पांढरी नळी असते तिचे जोडही याच पद्धतीचे असतात, तेव्हा तिथेही हाच नियम लावावा.

हायड्रॉलिक नळीला मात्र हा कटर लावू नये. तिच्यात तारेचे एक किंवा दोन पदर असतात, ती चकतीच्या मशीनवरच कापली जाते, आतला चुरा हवेने व फोमच्या गोळीने साफ करावा लागतो आणि टोकाला जोड दाबून बसवावा लागतो. तशी नळी घरच्या घरी कापून क्लिपने आवळणारे लोक मी पाहिले आहेत. त्या दाबाचे तेल सुईएवढ्या छिद्रातून निघाले तरी कातडीच्या आत घुसते, आणि जखम छोटी दिसली तरी ती ताबडतोब शस्त्रक्रियेची जखम असते.

हिंगणा_फिटर

बुटीबोरीच्या मित्रांनी तेलाचा विषय काढला म्हणून वेल्डिंगच्या नळ्यांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्सिजनची निळी आणि ॲसिटिलीनची लाल नळी टोकाजवळ तडकली की तेवढा भाग कापून पुन्हा बसवण्याची रीत आहे, आणि या नळ्यांत तार नसून धाग्याचे विणकाम असते, त्यामुळे हातकटर चालतो. परंतु कटर गंजू नये म्हणून आपण पात्याला तेलाचा हात देऊन ठेवतो, आणि तेच पाते तसेच ऑक्सिजनच्या नळीवर चालवले तर तेल आत लागते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका उडायला ठिणगीही लागत नाही. त्या नळीसाठी कोरडे, पुसलेले पातेच वापरावे. तसेच मधोमध तुटलेली ॲसिटिलीनची नळी तांब्याच्या नळीचा तुकडा घालून कधीही जोडू नये, कारण ॲसिटिलीन आणि तांबे यांच्या संयोगाने जो पदार्थ तयार होतो तो धक्क्यानेही फुटतो. एका वर्कशॉपमध्ये असा जोड मी स्वतः काढून फेकला होता आणि त्यावरून तिथल्या मालकाशी माझे वाजले होते.

जुनी_शुक्रवारी

इतके वाचल्यावर हॅकसॉचा आग्रह सोडतो. आता शंका धारेची आहे. आमच्या गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो, त्याच्याकडून या कटरच्या पात्याला धार लावून घेता येईल का?

हिंगणा_फिटर

सुरी-कात्रीला तो ठीक आहे. एवढ्या पातळ पात्याला मात्र त्याच्या चाकावर ठिणग्या उडाल्या की धार निळी पडते, पात्याचे पाणी उतरते आणि ती धार दोन दिवसही टिकत नाही. बारीक दगडावर पाणी टाकून, मूळ उतार तसाच धरून, हाताने पाच-दहा वेळा घासले तर पुरते. बहुतेक कटरांत पाते एका स्क्रूवर बसवलेले असते आणि वेगळे विकत मिळते, तेव्हा कटर घेतानाच एक जास्तीचे पाते मागून घ्यावे. पाते बदलताना दांडे कडीने मिटवून घ्यावेत, कारण स्प्रिंग नेमकी तेव्हाच उसळते. आणि पाते बोथट झाले हे ओळखायची खूण म्हणजे काप नव्हे, तर हात होय. काल सहज कापली जाणारी नळी आज दोन हातांनी दाबावी लागली, तर जोर वाढवू नये, पाते बदलावे. जोर लावताना निसटलेला कटर आपल्याच अंगठ्याकडे येतो.

धरमपेठी

रविवारी सगळे करून पाहिले, त्याचा वृत्तांत देतो.

सर्वप्रथम कूलरचा प्लग काढून बाजूला ठेवला. हे मुद्दाम लिहितो, कारण पंप पाण्यात आणि हातही पाण्यात अशा कामात केवळ बटण बंद करून भागत नाही. पाऊण इंचाच्या नळीचे उन्हाने कडक झालेले टोक चार बोटे मागून कापायचे ठरवले. आत घालायला दांडा शोधताना लाटण्याची मूठ नेमकी पोकळीच्या मापाची निघाली. क्लिप आवळून, पाते साबणाच्या पाण्यात ओले करून, नळी फिरवत चार दाबांत काप पूर्ण केला. काटकोन्या लावून पाहिला तर फरक एक मि.मी.सुद्धा भरला नाही. लाटण्याच्या मुठीवर पात्याचे चार बारीक व्रण राहिले आहेत आणि ते घरात अद्याप कोणाच्या लक्षात आलेले नाहीत.

बॉलकॉकजवळ जुनीच क्लिप दोन आटे कमी आवळूनही दोन दिवसांत एक थेंब पडलेला नाही. पंपाच्या तोंडावरचे झिरपणेही थांबले. पाते पुसून, कोरडे करून, कडी लावून ठेवले आहे. गॅसच्या नळीवरची तारीख पाहिली, तिची मुदत मागच्याच वर्षी संपलेली होती. एजन्सीला कळवले आहे.

एवढे होऊनही मागची ताटी अर्धीच भिजते आहे.

संत्राबाग_काटोल

धरमपेठी भाऊ, पंपाकडून वर येणाऱ्या पाण्याचे तीन फाटे जिथे होतात, तिथून मागच्या ताटीकडे जाणारी नळी इतर दोघींपेक्षा लांब आहे का, किंवा वळणावर ती मुरगळली आहे का, ते आधी पाहा. तसे नसेल तर वरच्या आडव्या नळीची छिद्रे तपासा. आमच्याकडे विहिरीच्या पाण्याने ड्रीपर बुजतात, आणि आपल्या कूलरमध्येही तेच होत असणार.

धरमपेठी

नळी सरळच होती. मागच्या आडव्या नळीची अकरापैकी सहा छिद्रे क्षारांनी पूर्ण बुजलेली निघाली, आणि उरलेल्यांपैकी दोनांत काळा रबरी चुरा होता. मागच्या वर्षी पंपाची नळी मी शेजाऱ्यांच्या हॅकसॉने कापली होती, हे तेव्हा आठवले. दाभणाने सगळी छिद्रे मोकळी केली. आता तिन्ही ताट्या सारख्या भिजत आहेत.

जुनी_शुक्रवारी

तो हॅकसॉ माझा नव्हता, एवढी नोंद घ्यावी. लोहा ओळीतल्या दुकानात जास्तीचे पातेही मिळते का, तेवढे कळवावे. शनिवारी तिकडे जाणार आहे.

धरमपेठी

मिळते. पाते वेगळ्या पुडीत असते, आणि मागितल्याशिवाय तो दाखवत नाही.